गाणी बायकांना, गप्पा पुरुषांना

जुन्या साड्या घेऊन भांडी देणारी बोहारीण आता पूर्वीसारखी दारावर येत नाही. पण तिच्यासारखा व्यवहार मोठमोठ्या कंपन्याही करतात. २०१७ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात असाच एक सौदा झाला. एका कंपनीनं आपलं एक रेडिओ स्टेशन दुसरीला दिलं आणि बदल्यात तिच्याकडचं एक घेतलं. दिलं ते ‘मॅजिक १०६.७’ आणि घेतलं ते ‘९८.५ द स्पोर्ट्‌स हब’. मॅजिकवर हळुवार गाणी लागतात. दुकानात, ऑफिसात, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात मंद आवाजात लावून ठेवावीत अशी. ते चालवलं जातं ते मुख्यतः बायकांसाठी. स्पोर्ट्‌स हबवर गाणी नाहीतच. तिथं दिवसभर पुरुष बोलतात. कालची मॅच कोणी घालवली, प्रशिक्षकाला हाकलावं की ठेवावं, अमक्या खेळाडूला एवढे पैसे कशाला मोजले. फोन करणारेही बहुतेक पुरुषच.

बायकांची गाणी द्या, पुरुषांच्या गप्पा घ्या, असा हा सौदा! मी त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा आधी हसू आलं. मग वाटलं, ही वाटणी केली कोणी? बायकांनी गाणी ऐकावीत आणि पुरुषांनी मतं मांडावीत, असं फर्मान तर कोणी काढलेलं नव्हतं. बोस्टन हे शिकलेल्या लोकांचं शहर. हार्वर्ड आणि एमआयटी नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर. तिथल्या बायकांना मतं नाहीत असं कोण म्हणेल? तरी तीस-पस्तीस वर्षांच्या चढाओढीत तिथला रेडिओ असा वाटला गेला. आधी रॉक संगीताच्या स्टेशनांची आपसात, मग रॉकची खेळाशी आणि शेवटी खेळाची खेळाशी, अशी ती चढाओढ झाली.

आधी धंद्याचं गणित समजून घेऊ. आपल्याकडे रेडिओ म्हटला की स्वयंपाकघरातली फळी आठवते. कुकरची शिट्टी आणि विविध भारती एकाच वेळी ऐकायची सवय आपल्या कानांना आहे. अमेरिकेत रेडिओ मुख्यतः मोटारीत ऐकला जातो. सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी परतताना रस्त्यावर जो वेळ जातो, तो रेडिओवाल्यांचा सुगीचा वेळ. श्रोत्याला काही मोजावं लागत नाही. पैसे देतो तो जाहिरातदार, आणि त्याला विकले जातात ते आपले कान. हे कान ठोक भावात विकले जात नाहीत, निवडून, प्रतवारी लावून विकले जातात. १८ ते ३४ वयाच्या बायका, २५ ते ५४ वयाचे पुरुष, असे वेगवेगळे ढीग. मंडईत टोमॅटोचे लावतात तसे.

यातला २५ ते ५४ वयाच्या पुरुषांचा ढीग फार मोलाचा समजला जातो. मोटारी, टायर, बीअर, कर्ज देणाऱ्या कंपन्या, टकलावर केस आणणारे, हे सगळे त्याच्यामागे. हा पुरुष गोळा करायचे दोन मार्ग तिथल्या रेडिओला ठाऊक होते. एक रॉक संगीत आणि दुसरा खेळाच्या गप्पा. म्हणजे रॉक स्टेशन आणि खेळाचं स्टेशन वरवर वेगळी दिसली तरी दोघांचा गिऱ्हाईक एकच. एका गल्लीतल्या दोन किराणा दुकानांसारखं.

रॉकच्या बाजूला बोस्टनमध्ये मानाचं पान होतं डब्ल्यूबीसीएनचं. लोक त्याला नुसतं ‘बीसीएन’ म्हणत. हे मुळात शास्त्रीय संगीताचं स्टेशन, आणि तोट्यात चाललेलं. १५ मार्च १९६८ च्या रात्री तिथं रॉक वाजायला लागलं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, शहर कॉलेजच्या मुलामुलींनी भरलेलं, आणि त्यांच्या मनातलं बोलणारा दुसरा रेडिओ नव्हता. बीसीएनवर गाणी लागत, त्याबरोबर युद्धाच्या बातम्या, मोर्च्यांच्या वार्ता. श्रोत्यांच्या फोनला उत्तरं देण्यासाठी वेगळी लाइन होती. लोक तिथं काहीही विचारत. गाणी आणि गावच्या गप्पा तेव्हा एकाच स्टेशनवर नांदत होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण मैत्रिणींनो, क्रांती करणारे पुरुषही घरी आल्यावर चहा मागतातच! बीसीएनवरची मंडळी समतेची भाषा बोलत होती, तरी १९७० साली एका समाजसेवी संस्थेसाठी माणसं हवीत म्हणून जी घोषणा झाली, तिचा मतलब असा होता की ‘चिक’ असाल तर टायपिंगला या. इंग्रजीत ‘चिक’ म्हणजे कोंबडीचं पिल्लू, आणि बोलीभाषेत तरुण पोरगी. आपल्याकडे टपोरी मुलं ‘आयटम’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. ‘ब्रेड अँड रोझेस’ नावाची बायकांची एक संघटना तेव्हा बोस्टनमध्ये होती. त्या बायकांनी पत्रबित्र लिहीत बसण्याऐवजी कोंबडीची खरीखुरी, जिवंत पिल्लं घेतली आणि थेट स्टेशनात नेऊन सोडली. ‘चिक’ हव्यात ना, या घ्या! आणि जोडीला मागणी केली, की रेडिओवर आम्हाला आमचं बोलायला वेळ हवा.

मला हा प्रसंग फार आवडतो. त्या कोणी गाणं लावा म्हणायला गेल्या नव्हत्या. त्यांना बोलायचं होतं.

त्याच वर्षी मॅक्सॅन सार्तोरी नावाची निवेदिका बीसीएनवर आली आणि दुपारची वेळ सांभाळू लागली. रॉक म्हणजे पुरुषी मामला अशी तेव्हाची समजूत. पण ‘एरोस्मिथ’ हा बोस्टनचा बँड पुढे जगभर गाजला, त्याची गाणी त्याला कोणी विचारत नव्हतं तेव्हा ही बाई लावत होती. ‘द कार्स’ या बँडची तर रेकॉर्ड निघायच्या आधीच, नुसत्या नमुन्याच्या टेपवरून तिनं गाणी वाजवली. शहराला काय ऐकवायचं हे ती ठरवत होती. माझ्या मते बोस्टनच्या रॉकच्या इतिहासात गिटार वाजवणाऱ्यांच्या बरोबरीनं तिचं नाव घ्यायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगते, मग पुढे जाऊ. १९७९ साली बीसीएनला नवे मालक आले आणि आल्या आल्या त्यांनी १९ जणांना नारळ दिला. निवेदकांपासून ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्यांची युनियन एकच होती. सगळे संपावर गेले. श्रोते त्यांच्या बाजूनं उभे राहिले, जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या आणि तीनेक आठवड्यांत मालकांना सगळ्यांना परत घ्यावं लागलं. रेडिओ स्टेशन गावाचं असतं असं लोकांना वाटलं की काय होतं, त्याचा हा नमुना. आज एखाद्या स्टेशनवरची माणसं काढली तर किती जण रस्त्यावर येतील, कोण जाणे.

आता खेळाकडे. दिवसरात्र नुसत्या खेळाच्या गप्पा, ही कल्पना पहिल्यांदा न्यूयॉर्कमध्ये आली, १ जुलै १९८७ ला, ‘डब्ल्यूएफएएन’ या स्टेशनवर. लोकांनी वेड्यात काढलं होतं. चोवीस तास खेळावर काय बोलणार? गंमत अशी, की तिथंही आधी गाण्यांचंच स्टेशन होतं, कंट्री संगीताचं. ते हटवून गप्पा आल्या. आणि त्या पहिल्या दिवशी त्या स्टेशनवर पहिला आवाज उमटला तो एका बाईचा, सुझन वॉल्डमन यांचा. या बोस्टनजवळच्या न्यूटनच्या. पूर्वी नाटकात गाणाऱ्या, आणि लहानपणापासून बेसबॉलच्या वेड्या. पुरुषांच्या बालेकिल्ल्यात आल्याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. खेळाडूंच्या खोलीत सगळ्यांसमोर अपमान झाला, ठार मारण्याच्या धमक्याही आल्या. त्या हटल्या नाहीत. २००५ पासून न्यूयॉर्क यांकीज संघाच्या सामन्यांचं रेडिओ समालोचन करू लागल्या आणि २०२२ साली रेडिओच्या राष्ट्रीय सन्मानयादीत त्यांचं नाव लागलं. बोस्टनच्या लेकीनं नाव काढलं ते बोस्टनच्या कट्टर वैऱ्याच्या, यांकीजच्या मैदानावर, हा नशिबाचा खेळ म्हणायचा! पण एवढ्या वर्षांत अशी नावं किती झाली? बोटांवर मोजावीत इतकीच.

बोस्टनमध्ये डब्ल्यूईईआय हे स्टेशन १९९१ पासून पूर्णवेळ खेळाचं झालं आणि पुढची जवळपास अठरा वर्षं त्याला तोडीस तोड कोणी नव्हतं. मधूनमधून एखादं छोटं स्टेशन उगवायचं आणि मावळायचं. बोस्टनच्या संघांचेही दिवस पालटले. फुटबॉलच्या पेट्रिअट्स संघानं २००२ ते २०१९ या काळात सहा वेळा सुपर बोल जिंकला. बेसबॉलच्या रेड सॉक्सनं २००४ मध्ये ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला. गावाला बोलायला विषयच विषय.

मधल्या काळात, १९९६ साली, अमेरिकेत दूरसंचाराचा नवा कायदा आला. देशभरात एका कंपनीनं किती स्टेशनं ठेवावीत यावरची मर्यादा त्यानं काढून टाकली, आणि मोठ्या शहरात एकाच मालकाला आठपर्यंत स्टेशनं ठेवायची मुभा दिली. म्हणजे गल्लीतली दुकानं एकेक करून एकाच शेठची झाली. पूर्वी रॉकवाला खेळवाल्याशी भांडायचा. आता शेठ कागदावर बघून ठरवणार, या गाळ्यात साड्या ठेवू की टायर.

रॉक स्टेशनं या काळात घाबरली होती, आणि घाबरलेला माणूस आरडाओरडा करतो. बीसीएननं १९९६ मध्ये सकाळच्या वेळेतून चार्ल्स लाक्विडारा हा गावाचा जुना, लाडका निवेदक हलवला आणि न्यूयॉर्कहून हॉवर्ड स्टर्नचा कार्यक्रम आणून बसवला. अश्लील आणि बाष्कळ विनोदांसाठी प्रसिद्ध असलेला हा गृहस्थ. शहरातलं दुसरं रॉक स्टेशन डब्ल्यूएएएफ. तिथल्या ‘ओपी आणि अँथनी’ या जोडीनं १ एप्रिल १९९८ ला एप्रिल फूल म्हणून सांगितलं, की बोस्टनचे महापौर टॉम मेनिनो मोटार अपघातात गेले. महापौर धडधाकट होते. त्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल याचा विचारच करवत नाही. जोडीला काढलं गेलं. पुढे काय झालं असेल? न्यूयॉर्कमध्ये त्यांना आणखी मोठी नोकरी मिळाली! आणि २००६ मध्ये बीसीएननंच त्यांना सकाळच्या वेळी पुन्हा बोस्टनच्या कानांवर घातलं.

रॉकच्या नावाखाली गाणी कमी आणि वात्रट बडबड जास्त, अशी सकाळ होऊन बसली. गाण्यांसाठी मुलं रेडिओकडे वळेनाशी झाली होती, कारण गाणी खिशात आली होती, आयपॉडवर, पुढे फोनवर. हवं ते गाणं हवं तेव्हा मिळतं म्हटल्यावर तिसऱ्यांदा लागलेली जाहिरात कोण ऐकून घेईल? कालच्या मॅचवरची बाचाबाची मात्र खिशात साठवता येत नाही. ती ताजीच लागते, गरम भजीसारखी. म्हणून खेळाच्या गप्पांचा भाव चढला.

याच सुमारास श्रोते मोजायची रीतही बदलली. पूर्वी निवडक घरांना डायरी देत. आठवडाभर काय ऐकलं ते लिहून द्यायचं. आपण भाजीचा हिशोब महिनाअखेरीला आठवून लिहितो, तसंच ते, अर्धं आठवून, अर्धं अंदाजानं. मग पेजरएवढं यंत्र आलं. ते अंगावर बाळगायचं. आसपास जे स्टेशन वाजतंय त्याची न ऐकू येणारी खूण ते यंत्र टिपतं. आता कोण काय ऐकतो हे डायरीपेक्षा लवकर आणि बारकाईनं कळू लागलं, आणि मालकांचे निर्णयही तसेच झटपट होऊ लागले.

ऑगस्ट २००९ मध्ये सीबीएस रेडिओ या मालक कंपनीनं बीसीएन बंद केलं. एक्केचाळीस वर्षांचं रॉक संपलं. पण ते संपवलं कसं, ते इथं महत्त्वाचं. कंपनीकडे ९८.५ या जागेवर ‘मिक्स’ नावाचं स्टेशन होतं. नव्या-जुन्या लोकप्रिय गाण्यांचं, आणि नजरेसमोर गिऱ्हाईक ठेवलं होतं ते बायकांचं. ते मिक्स उचलून बीसीएनच्या १०४.१ या जागेवर ठेवलं, आणि मोकळ्या झालेल्या ९८.५ वर स्पोर्ट्‌स हब हे नवं खेळाचं स्टेशन सुरू केलं. बायकांच्या गाण्यांना धक्का लागला नाही, कारण तो ढीग चांगला विकला जात होता. पुरुषांच्या ढिगाला मात्र गाण्यांऐवजी गप्पा मिळाल्या. बीसीएनवरची ‘टाउचर आणि रिच’ ही जोडी उचलून स्पोर्ट्‌स हबच्या सकाळी बसवली. म्हणजे रॉकचे निवेदक रातोरात खेळाचे झाले. फरक काय पडला? बडबड तीच, विषय नवा.

डब्ल्यूईईआयची झोप उडाली. ते स्टेशन तोवर एएमवर होतं, खरखरीत आवाजाचं. नवं स्टेशन एफएमवर, स्वच्छ. पेट्रिअट्स आणि आइस हॉकीच्या ब्रुइन्सचे सामनेही स्पोर्ट्‌स हबकडे होते. दोन वर्षांत, सप्टेंबर २०११ मध्ये, डब्ल्यूईईआयला ९३.७ एफएमवर यावं लागलं. त्यांच्या दुपारच्या कार्यक्रमाचा बादशहा ग्लेन ऑर्डवे. वर्षाला दहा लाख डॉलर पगार, पण करारात अट अशी, की श्रोते घटले तर पगार निम्मा. श्रोते घटले आणि २०११ मध्ये पगार खरंच निम्मा झाला. २०१३ मध्ये त्याला घरी पाठवलं. समोरच्या स्टेशनवर त्याच वेळी फेल्गर आणि मॅसरॉटी ही जोडी बाजी मारत होती. तेही पुरुष, तेही मॅचवरच बोलणारे. चढाओढीमुळे गिऱ्हाइकाला निवड मिळते असं म्हणतात. इथं दोन सारख्या माठांतून एक निवडायचा होता.

आणि चढाओढ म्हटली की आवाज चढतोच. डब्ल्यूईईआयच्या सकाळच्या दोघा निवेदकांनी २००३ मध्ये प्राणिसंग्रहालयातून पळालेल्या गोरिलाची तुलना उपनगरातल्या शाळेत बसनं जाणाऱ्या काळ्या मुलांशी केली. तेव्हा त्यांना काही दिवस घरी बसवलं. जानेवारी २०१८ मध्ये त्याच स्टेशनवरच्या एका निवेदकानं टॉम ब्रेडी या फुटबॉलपटूच्या पाच वर्षांच्या मुलीबद्दल घाणेरडा शब्द वापरला. पाच वर्षांची पोर! तिचा गुन्हा काय, तर बापावरच्या एका चित्रफितीत ती दिसली आणि पोरीसारखी वागली. पुढच्या आठवड्यात ब्रेडीनं त्या स्टेशनवरची आपली ठरलेली मुलाखत आटोपती घेतली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एकानं आशियाई वंशाच्या एका एजंटाच्या बोलण्याची टिंगल केली. जाहिरातदार निघून जाऊ लागले. तेव्हा कुठे १६ फेब्रुवारी २०१८ ला स्टेशननं बारा तास थेट कार्यक्रम बंद ठेवून सगळ्यांना ‘संवेदनशीलतेचं प्रशिक्षण’ दिलं.

मला या प्रशिक्षणाचं हसू येतं. आईबापांनी वीस वर्षांत शिकवलं नाही ते बारा तासांत येणार? पण सांगायचा मुद्दा दुसरा. एखादी गोष्ट बोलण्याजोगी आहे की नाही याचा निकाल तिथं जाहिरातदार पाठ फिरवतो तेव्हा लागतो. स्टुडिओत समोर बसलेली बाई, ‘अरे, लहान मुलीबद्दल काय बोलतोस?’ असं तिथल्या तिथं म्हणणारी, तिथं नव्हती.

कोणी म्हणेल, खेळच तर आहे, राहू द्या की पुरुषांना. मलाही आधी तसंच वाटायचं. पण खेळाच्या गप्पा नुसत्या खेळाच्या राहत नाहीत. २०१५ मध्ये पेट्रिअट्सनं चेंडूतली हवा मुद्दाम कमी केली असा आरोप झाला. ब्रेडीला चार सामन्यांची बंदी, मग कोर्टकचेरी. दीड वर्षभर बोस्टनचा रेडिओ त्याच्यावर बोलत होता. त्यात पुरावा म्हणजे काय, मालकाला नोकरावर किती अधिकार, कोर्टानं कुठवर पडावं, फसवणूक कशाला म्हणायचं, हे सगळं आलं. स्टेडियमला सरकारचा पैसा द्यावा का, खेळाडूनं बायकोला मारलं तर त्याला संघात ठेवावं का, तेही याच गप्पांत. आपल्याकडे पारावर जे बोललं जातं ते हे. पारावर बाई नसली की तिच्यावरचे निर्णयही तिच्याशिवाय होतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचं चित्र थोडं निराळं आहे. खासगी एफएम २००१ पासून आलं, २००६ नंतर लहान शहरांतही पोचलं. पण त्याला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नव्हती. २०११ च्या धोरणात आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा मिळाली, आणि खेळाच्या बाबतीत स्थानिक सामन्यांच्या समालोचनापुरतं दार किलकिलं झालं. त्यामुळे बोस्टनसारखं खेळाच्या गप्पांचं स्टेशन इथं फोफावलं नाही. सगळेच सिनेमाची गाणी लावणारे. पण एक प्रयोग मात्र नेमका उलटा झाला होता. २००७ मध्ये मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यात ‘म्याव’ नावाचं एफएम स्टेशन निघालं, १०४.८ वर. बायकांसाठी, आणि त्यात भर गाण्यांपेक्षा बोलण्यावर. सासू, नोकरी, नवरा, तब्येत, मनातलं काहीही. नाव मला मुळीच आवडलं नव्हतं. बोस्टनला कोंबडीचं पिल्लू, मुंबईला मांजर! बायकांना प्राणिसंग्रहालयाबाहेरचं नाव कोणाला सुचतच नाही का? पण कल्पना धाडसाची होती. थोड्याच वर्षांत ते बंद पडून त्या जागी ‘ओये’ आलं आणि गाणी वाजायला लागली. बायकांच्या बोलण्याला जाहिरातदार मिळेनात की मालकांना धीर धरवेना, निष्कर्ष एकच निघाला, बायकांना गाणी बरी.

जिथं कान विकायची घाई नाही तिथं काय होतं, हे सातारा जिल्ह्यात बघायला मिळतं. माण तालुक्यातल्या म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. बायकांची सहकारी बँक काढणाऱ्या माणदेशी संस्थेचंच ते. अशा केंद्राचा आवाज साधारण दहा-बारा किलोमीटरच पोचतो, आणि २००६ च्या नियमांनी जाहिरातींना तासाला पाचच मिनिटं दिली होती. म्हणजे शेठला त्यात रस वाटायचं कारणच नाही. दुष्काळी मुलूख तो. पाणी, चारा, बचत, बाजार, शाळा हे तिथले विषय. आणि बाई तिथं माइकसमोर बसून बोलते. ऐकणारे बाप्येही असतात!

बोस्टनमध्ये चढाओढ अजून चालू आहे, पण आता लढणाऱ्यांचीच पागोटी ढिली झाली आहेत. २०१७ च्या ज्या सौद्यानं हा लेख सुरू झाला, तो मुळात कशामुळे झाला? डब्ल्यूईईआयची मालक एंटरकॉम कंपनी सीबीएस रेडिओ आपल्यात मिसळून घेत होती. तसं झालं असतं तर शहरातली दोन्ही खेळाची स्टेशनं एकाच शेठची झाली असती, म्हणून सरकारनं काही स्टेशनं सोडायला लावली. त्यात स्पोर्ट्‌स हब बीझली कंपनीकडे गेलं आणि मॅजिक एंटरकॉमकडे आलं. याच एंटरकॉमनं फेब्रुवारी २०२० मध्ये डब्ल्यूएएएफ हे रॉक स्टेशन एका कोटी साडेसात लाख डॉलरला धार्मिक गाण्यांचं जाळं चालवणाऱ्या संस्थेला विकून टाकलं. त्यावर आता देशभर एकच भजनं लागतात, बोस्टनचं असं काही नाही. एंटरकॉमचं नाव पुढे ‘ऑडसी’ झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये सुमारे १.९ अब्ज डॉलरच्या कर्जापायी तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्जाचा बहुतेक भाग सावकारांनी कंपनीची मालकी घेऊन सोडवला.

निवेदकांची पळवापळवीही थांबलेली नाही. डब्ल्यूएएएफवरचा रॉकवाला ग्रेग हिल २०१९ मध्ये डब्ल्यूईईआयवर सकाळी खेळाच्या गप्पा मारायला आला. उलट स्पोर्ट्‌स हबवरची टाउचर-रिच जोडी २०२३ च्या अखेरीस फुटली आणि त्यातला रिच २०२४ मध्ये डब्ल्यूझेडएलएक्स या जुन्या रॉकच्या स्टेशनवर सकाळचा कार्यक्रम घेऊन आला. खेळातून रॉकमध्ये, रॉकमधून खेळात. खुर्च्या बदलल्या, बसणारे तेच. डब्ल्यूझेडएलएक्स म्हणजे तेच स्टेशन, जिथं बीसीएनमधून हलवलेल्या चार्ल्स लाक्विडाराला १९९६ मध्ये आसरा मिळाला होता.